कोकणातून कल्ट सिनेमा आणि पंक कलेकडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ अशा ठिकाणी राहणाऱ्या काही मित्रमैत्रिणींचा आमचा छोटा गट आहे. जमेल तेव्हा मुंबई गाठायची, चौकटीबाहेरचे सिनेमे आणि चित्रं बघायची आणि परत येऊन झेरॉक्सवर छोट्या पुस्तिका काढायच्या, हा आमचा छंद. कॉलेजची मुलं, त्यांचे आईवडील आणि काही शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

कल्ट सिनेमा म्हणजे नेमका कोणता?

ज्याला प्रेक्षकांनी सांभाळलं, तो. प्रदर्शनाच्या आठवड्यात गल्ला जमला नसेल, दुसऱ्या शुक्रवारी थिएटरवरून उतरलाही असेल. पण थोड्या माणसांनी त्याला सोडलं नाही. पुन्हा पुन्हा पाहिला, संवाद पाठ केले, ओळखीच्यांना हाताला धरून दाखवला. असं वर्षानुवर्षं चालत राहिलं की सिनेमा त्या माणसांचा होऊन जातो.

कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही. ‘वस्त्रहरण’ आठवा. गंगाराम गवाणकरांचं हे मालवणी नाटक १९८० साली रंगमंचावर आलं, तेव्हा सुरुवातीच्या प्रयोगांना गर्दी नव्हती. पु. ल. देशपांड्यांनी कौतुकाचं पत्र पाठवलं, मच्छिंद्र कांबळींनी नेटाने प्रयोग चालू ठेवले आणि पुढे पाच हजारांच्या वर प्रयोग झाले. नटाच्या तोंडून वाक्य यायच्या आधी ते मागच्या रांगेतून ऐकू येतं, असं हे नाटक आहे. हेच नातं पडद्याशी जुळलं की झाला कल्ट सिनेमा.

हिंदीतला सगळ्यांना माहीत असलेला दाखला म्हणजे कुंदन शहांचा ‘जाने भी दो यारो’ (१९८३). राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून, सात लाखांच्या आत उभा राहिलेला सिनेमा. तेव्हा फार चालला नाही. आज त्यातला महाभारताचा प्रसंग येण्याआधीच खोली हसायला लागते. तो प्रसंगही द्रौपदी वस्त्रहरणाचाच, रंगमंचावर पार विस्कटून गेलेला. तीन वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या माणसांना त्याच प्रसंगात दंगा दिसला आणि दोन्ही कलाकृती लोकांनी डोक्यावर घेतल्या, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

म्हणजे पडलेला प्रत्येक सिनेमा कल्ट?

नाही. बहुतेक पडलेले सिनेमे विसरले जातात, आणि ते बरोबरच असतं.

‘तुंबाड’ यात बसतो का?

आमच्या मते हो, आणि आपल्या डोळ्यांसमोर घडलेला तो कल्ट आहे. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, बेताचाच चालला आणि मग घराघरात मोबाइलवर, टीव्हीवर पसरत गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरला लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. सहा वर्षं लोक एकमेकांना सांगत राहिले, त्याचं हे फळ.

इथे कायम विचारलं जाणारं एक सांगून टाकतो. तुंबाड नावाचं गाव खरंच आहे. ते खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी आहे आणि श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. सिनेमाची गोष्ट मात्र त्या कादंबरीची नाही, आणि त्यातला वाडा सासवडचा आहे. पाऊस तेवढा आपला वाटतो. तो टिपण्यासाठी चित्रीकरण अनेक पावसाळे चाललं होतं.

पंक म्हणजे उभे केस आणि कर्कश गिटार ना? चित्रकलेशी त्याचा काय संबंध?

संगीतापासून सुरुवात झाली हे खरं. सत्तरच्या दशकाच्या मध्यातली न्यूयॉर्क आणि लंडन. पण त्या संगीताला लागणारी पोस्टरं, रेकॉर्डची वेष्टनं, मासिकं त्याच पोरांनी घरी बसून केली. जेमी रीड या चित्रकाराने १९७७ साली, राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना, राणीच्या छायाचित्रावर वर्तमानपत्रातून कापलेली अक्षरं डोळ्यांवर आणि तोंडावर चिकटवली. खंडणीच्या चिठ्ठीसारखी ती अक्षररचना आजही जगभर दिसते. त्याआधी १९७६च्या उन्हाळ्यात मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ हे मासिक काढलं. टाइपरायटरवर मजकूर, स्केचपेनने मथळे, पहिल्या अंकाच्या जेमतेम पन्नास प्रती. यालाच पुढे झाइन म्हणायला लागले. छापखाना, संपादक, अनुदान, कुणाचीही वाट बघायची नाही. जे सांगायचंय ते हाताशी असलेल्या साधनांनी आज सांगायचं. पंक कलेचा गाभा हा.

आणि इथे आम्हाला अभिमानाने सांगावंसं वाटतं की मराठीने हे लंडनच्या वीस वर्षं आधी केलंय. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी १९५० च्या दशकात ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’ आलं, राजा ढाले यांचं ‘येरू’ आलं. प्रस्थापित मासिकं छापत नाहीत ना, मग आपणच छापू, असा तो खाक्या. त्यातूनच नामदेव ढसाळांसारखा कवी पुढे आला आणि १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ने मराठी कवितेची भाषाच हलवली. या चळवळीतले सतीश काळसेकर तर मालवण तालुक्यातल्या काळसे गावचे. पंक परदेशातलं खूळ आहे असं कुणी म्हणालं, तर हा इतिहास त्यांच्यापुढे ठेवा.

सुरुवात कुठल्या सिनेमांनी करावी?

पहिला ‘जाने भी दो यारो’, शक्यतो चारपाच जणांसोबत. दुसरा रामसे बंधूंचा एखादा भयपट, ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) किंवा ‘पुराना मंदिर’ (१९८४). रामसेंना हसण्यावारी नेऊ नका. एक भाऊ कथा लिहितोय, एक कॅमेऱ्यावर, एक ध्वनी सांभाळतोय, एक संकलन करतोय, दोघं दिग्दर्शन करतायत. घरच्या घरी, कमी पैशात, मोठ्या बॅनरच्या दारात न जाता त्यांनी आपला प्रेक्षक उभा केला, आणि तो होता तालुक्याच्या थिएटरमधला. मुरुडच्या नवाबांच्या राजवाड्यातही त्यांनी चित्रीकरण केलंय. तो राजवाडा खासगी आहे, रस्त्यावरूनच बघायचा, पण बघाच.

मग कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ (१९८८). हा समजून घ्यायचा प्रयत्न पहिल्या वेळी करू नका. राजस्थानातलं गाव, बेडूक, हिरे, विज्ञान, जाहिराती, गाणी असं सगळं अंगावर येऊ द्या. बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेलेला हा सिनेमा भारतातल्या थिएटरांत थेट जानेवारी २०१४ मध्ये लागला. मधली पंचवीसेक वर्षं तो हातोहात फिरलेल्या प्रतींवर जगला. एखाद्या कलाकृतीवर माणसं किती माया करू शकतात याचा याहून मोठा पुरावा आमच्याकडे नाही.

परदेशी सिनेमांत डेव्हिड लिंचचा ‘इरेझरहेड’ (१९७७) आणि शिन्या त्सुकामोतोचा ‘तेत्सुओ’ (१९८९). दोन्ही कृष्णधवल, दोन्ही अतिशय कमी पैशात केलेले, दोन्ही रात्री उशिरा बघायचे. पंकची धग थेट हवी असेल तर अ‍ॅलेक्स कॉक्सचा ‘रेपो मॅन’ (१९८४).

‘गुंडा’बद्दल (१९९८) हमखास विचारणा होते. त्यातले यमक जुळवलेले संवाद इंटरनेटवर गाजले, हे खरं. पण बाईच्या अंगावर होणारी हिंसा हसण्याचा विषय म्हणून बघणं आम्हाला जमत नाही, म्हणून आमच्या गटात तो लावत नाही.

हे सगळं घरी मोबाइलवर मिळतं. मुंबईला जायची गरज काय?

कारण कल्ट सिनेमा एकट्याचा नाहीच. न्यूयॉर्कच्या एल्जिन थिएटरने १९७० च्या डिसेंबरात मध्यरात्रीचे खेळ सुरू केले, तेव्हा तिथे तीच तीच माणसं रोज रात्री यायला लागली आणि या प्रकाराला आकार आला. अनोळखी माणसांनी भरलेल्या अंधारात एकाच जागी सगळ्यांचा श्वास अडकतो, ते सहा इंचांच्या पडद्यावर होत नाही. चित्राचंही तसंच. छापील चित्राचा शाईचा थर, कागदाची खरबरीत कड, भिंतीवरचा ओघळ, हे समोर उभं राहूनच कळतं.

मुंबईत कुठे कुठे जायचं?

सिनेमासाठी आधी प्रभात चित्र मंडळ. १९६८ पासून चालणारी ही फिल्म सोसायटी सभासदांना देशोदेशीचे सिनेमे दाखवते आणि ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक काढते. मराठीतून सिनेमा वाचायची सवय लावायची तर इथूनच. मॅक्सम्युलर भवन आणि अलियाँस फ्राँसेज या जर्मन आणि फ्रेंच सांस्कृतिक केंद्रांचे खेळ बऱ्याचदा विनामूल्य असतात. कार्यक्रम आधी बघून निघा. फिल्म हेरिटेज फाउंडेशन जुने सिनेमे दुरुस्त करून मोठ्या पडद्यावर दाखवतं, त्यांतले काही कुलाब्याच्या रीगलमध्ये. रीगल १९३३ सालचं. नुसतं आत बसायलाही जावं असं थिएटर आहे. पेडर रोडवर गुलशन महालात २०१९ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उघडलं, तिथे अर्धा दिवस सहज जातो. सोमवारी बंद असतं.

चित्रांसाठी काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२), समोरच्या चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, आसपासच्या गल्ल्यांत छोट्या गॅलऱ्या. फेब्रुवारीच्या सुमाराला काळा घोडा महोत्सव भरतो. गर्दी फार, पण प्रवेश मोफत. याच चौकातल्या वेसाइड इनमध्ये कोलटकर दर गुरुवारी बसत आणि खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावर कविता लिहीत. ते हॉटेल आता नाही. चौक आहे, फुटपाथ आहे. कवितांचं पुस्तक सोबत न्या.

भिंतींवरच्या चित्रांसाठी वांद्र्याची चॅपल रोड. ‘बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट’खाली रंजीत दहिया यांनी वांद्र्यात सिनेमातले चेहरे भिंतीभर रंगवले आहेत. ते वाट वाकडी करून बघण्यासारखं काम आहे. ससून डॉकवर २०१७ मध्ये मोठा कलाप्रकल्प झाला होता. १८७५ सालची ती गोदी, कोळंबी सोलणाऱ्या बाया, बर्फाचे ट्रक, आणि त्याच मासळीच्या वासात मांडलेली चित्रं. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. मात्र ती कामाची जागा आहे. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका आणि पाट्या घेऊन धावणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नका.

झाइनसाठी ‘बॉम्बे अंडरग्राउंड’ या गटाचं काम शोधा. झाइनचा मेळा भरतो तेव्हा स्वतःची पुस्तिका घेऊन जा. विकण्यापेक्षा अदलाबदलीत जास्त मजा येते.

कोकणातून एका शनिवार-रविवारात जमतं का?

जमतं. शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या धरली की पहाटे सीएसएमटी, तुतारी धरली की सकाळी दादर. परतीला तुतारी सोयीची, कारण ती दादरहून मध्यरात्री बाराच्या सुमाराला सुटते आणि संध्याकाळचा खेळ पूर्ण बघता येतो. तिकीट काढताना तारखेकडे नीट बघा. गाडी बारानंतर सुटत असेल तर रविवारच्या रात्रीचं तिकीट सोमवारच्या तारखेचं असतं. यात फसून स्टेशनवर बसून राहिलेले बरेच आहेत. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि गाड्या हळू धावतात, तेव्हा जोडून दुसरं काही ठरवू नका. अलिबागकरांना मांडव्याहून बोट आहेच.

मुलीने एकटीने रात्रीच्या खेळाला जावं का?

आमच्या गटातल्या मुली जातात. थिएटर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेलं निवडतात, रात्रीचा मुक्काम आधी पक्का करतात आणि शेवटच्या लोकलवर विसंबून राहत नाहीत. पहिल्यांदा जाताना दोघीतिघी मिळून जा. काळजी करणाऱ्या आईला सिनेमाचं नाव, थिएटरचं नाव आणि खेळ सुटायची वेळ लिहून द्या. लपवून जाण्यात काही अर्थ नाही.

गॅलरीत शिरायला भीती वाटते. आम्हाला चित्रातलं काही कळत नाही.

शिरा. बहुतेक गॅलऱ्यांना तिकीट नसतं आणि ‘काय घेणार?’ असं कुणी विचारत नाही. दारात ठेवलेला कागद उचला, एका चित्रासमोर पाच मिनिटं उभे राहा. चित्रकार तिथे असेल तर साधं विचारा: हे कशाने केलं? किती दिवस लागले? जहांगीरमध्ये बऱ्याचदा चित्रकार स्वतः बसलेला असतो आणि असल्या प्रश्नांनी तो खुलतो. पिंगुळीची चित्रकथी समोर बसून बघितलेल्या माणसाला चित्र कसं बघायचं हे कुणी शिकवायला नको. एकेक पट पुढे येतो, सांगणारा सांगत जातो, आपण थांबून बघतो. तेवढाच धीर गॅलरीत लागतो.

इंग्रजी कच्चं आहे. चालेल?

चालेल. ‘इरेझरहेड’मध्ये बोलणं फारच थोडं आहे, ‘तेत्सुओ’मध्ये तर त्याहून कमी. खालच्या ओळी वाचायची सवय दोनचार सिनेमांत लागते.

झाइन कसं करायचं?

हा आमच्या सगळ्यात आवडीचा प्रश्न. ए-फोर कागद लांबीत एकदा आणि रुंदीत दोनदा दुमडून आठ चौकोन पाडा. मग उघडून आडवा अर्धा दुमडा आणि दुमडीच्या बाजूने मधल्या रेषेवर एका चौकोनाइतका काप द्या. पुन्हा लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की चीर फाकते आणि आठ पानांची पुस्तिका उभी राहते. टाके नाहीत, पिना नाहीत, झेरॉक्स एकाच बाजूने. आधी कोऱ्या कागदाची पुस्तिका करून पानांवर आकडे टाका आणि उलगडा. कुठलं पान उलटं येतं ते लगेच दिसतं.

आता अक्षरं. जेमी रीडसारखी कापलेली अक्षरं देवनागरीत करायला गेलं की पहिल्याच शब्दाला अडायला होतं. रोमन अक्षर सुटं असतं. आपलं शिरोरेषेला टांगलेलं, वर मात्रा, खाली उकार. मूळ अक्षर वेगळं आणि वेलांटी वेगळी कापलीत तर वेलांटी घामेजल्या बोटाला चिकटून हरवते. म्हणून मात्रेसकट अख्खं अक्षर कापा. ‘कि’ हवा असेल तर मथळ्यांत ‘कि’ शोधा. शिरोरेषा मात्र अजिबात जुळवू नका. एक वर, एक खाली, एक जाड, एक बारीक, तशीच चिकटवा. नेहमी सरळ दोरीवर चालणारी ती रेषा पायऱ्यांसारखी तुटली की शब्द ओरडायला लागतो, आणि हा परिणाम रोमनमध्ये येतच नाही, कारण तिथे तोडायला रेषाच नाही. वर्तमानपत्रांचे मथळे, लग्नपत्रिका, लॉटरीची तिकिटं, कालनिर्णयचे मोठे आकडे, सगळं चालतं. लाल आकडे झेरॉक्समध्ये काळेच येतात. फिकट निळ्या पेन्सिलीच्या खुणा बहुधा उमटत नाहीत, म्हणून आखणी तिने करा.

चिकटवायला ग्लूस्टिक वापरा. ओल्या डिंकाने कागद सुरकुततो आणि सुरकुतीची सावली प्रतीत येते. मोठा काळा भाग झेरॉक्समध्ये पट्टेरी, विरळ येतो. तो तसाच राहू द्या, दिसतो छान. कागदाच्या कडेला थोडी जागा कोरी सोडा, यंत्र तिथे छापत नाही. रंग हवा असेल तर तालुक्याच्या गावी स्क्रीन प्रिंटिंगवाला असतोच. लग्नाच्या पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट छापणारा. त्याला फुरसत असलेल्या दिवसांत गाठा, शेजारी उभे राहून जाळीवर शाई कशी ओढतात ते बघा. तो कारागीर आहे, पुष्कळ शिकवतो.

विषय? शिमग्यातला संकासुर काढा. काळा पोशाख, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. याहून पंक आकृती आम्हाला माहीत नाही.

गावात भिंतीवर चित्र काढलं तर चालेल?

मालकाची लेखी परवानगी असेल तर. सरकारी किंवा दुसऱ्याच्या भिंतीवर न विचारता काढणं महाराष्ट्रात १९९५च्या मालमत्ता विरूपण कायद्याखाली गुन्हा आहे. विचारलं की लोक देतात, हे मात्र सांगतो. बंद पडलेली गिरण, वाडीतल्या दुकानाची मागची बाजू, शाळेचं कुंपण. चिऱ्याच्या भिंतीवर गिलावा नसेल तर बारीक रेषा टिकत नाही. मोठे सपाट आकार घ्या. रंगकाम दिवाळीनंतर करा.

गावात सिनेमाचा खेळ लावायचा आहे. कायद्याचं काय?

घरच्या वर्गणीवरचा सिनेमा सभागृहात दाखवता येत नाही, ती परवानगी घरापुरती असते. हक्क ज्याच्याकडे आहे त्याला लिहा. स्वतंत्र सिनेमे करणारे दिग्दर्शक छोट्या गावातल्या खेळाला बहुधा आनंदाने उत्तर देतात. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, तेव्हा त्याहून जुने सिनेमे बहुधा मोकळे झालेले असतात. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर अठराखालच्यांना बसवू नका, ओळखीचा असला तरी. प्रोजेक्टरपेक्षा आवाजावर पैसे खर्च करा. आणि खेळ संपल्यावर दिवे लगेच लावू नका, खुर्च्याही आवरायला घेऊ नका. बोलायला वेळ द्या. जो माणूस सगळ्यात जास्त वैतागलाय त्याला आधी बोलू द्या. चर्चा तिथूनच पेटते.

चोर बाजारात मिळतं ते पोस्टर जुनं आहे की नवी छपाई, हे कसं ओळखायचं?

मटण स्ट्रीटवर दोन्ही मिळतात. जुनं पोस्टर साधारण ३० बाय ४० इंचांचं, पातळ कागदाचं, घड्यांच्या खुणा असलेलं आणि खालच्या कडेला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असलेलं असतं. गुळगुळीत, जाड, चकचकीत असेल तर नवी छपाई. ती घ्यायलाही हरकत नाही, फक्त जुन्याची किंमत देऊ नका. शुक्रवारी नेहमीची बरीच दुकानं बंद असतात.

आणि आपल्या पावसात ही पोस्टरं टिकवायची कशी?

जूनच्या आत हलवा. काचेच्या फ्रेममध्ये कागद काचेला टेकलेला असेल तर दमटपणाने चिकटतो, म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगू नका; पश्चिमेची तर नकोच. सुटी पोस्टरं गुंडाळून प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, आत बुरशी धरते. लोखंडी कपाटात आडवी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि उघडीप मिळाली की त्या बदला. मैद्याच्या खळीने काही चिकटवलं असेल तर तिथे वाळवी आणि झुरळं आधी येतात. बाइंडर लोक त्यासाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलांपासून लांब ठेवा. पावसाळ्यात बुरशीचा ठिपका दिसलाच तर ओल्या फडक्याने पुसू नका. हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या, मग मऊ ब्रशने घराबाहेर झटका.